डोंगराची कड, सावलीची लांबी: उघड्या माहितीचा माग कोण कसा काढतं

२०१८ च्या जुलैमध्ये एक व्हिडिओ जगभर फिरू लागला. काही सैनिक दोन बायकांना धाक दाखवत रस्त्याने नेताहेत. एकीच्या पाठीला तान्हं बाळ बांधलेलं आहे, दुसरीसोबत एक लहान मुलगी चालते आहे. थोडं पुढे नेऊन त्या चौघांना गोळ्या घातल्या जातात. व्हिडिओत तारीख नाही, गावाची पाटी नाही. हे आफ्रिकेतल्या कॅमेरून देशातलं आहे असं लोक म्हणत होते. कॅमेरूनच्या सरकारने मात्र ही खोटी बातमी आहे, हे आमचे सैनिकच नाहीत, असं सांगून हात झटकले.

बीबीसीच्या आफ्रिका विभागातल्या पत्रकारांनी काही स्वयंसेवी शोधकांना सोबत घेऊन हा व्हिडिओ शब्दशः चाळणीतून काढला. सुरुवातीच्या काही सेकंदांत मागे डोंगराची एक रांग दिसते. तिची वरची कड कुठे खचते, कुठे टोकदार होते, हे त्यांनी कागदावर उतरवावं तसं टिपून घेतलं आणि गूगल अर्थवर कॅमेरूनच्या उत्तर टोकाच्या डोंगरांशी ताडून पाहिलं. नायजेरियाच्या सीमेजवळच्या झेलेवेत नावाच्या गावापाशी कड जुळली. मग घरं जुळली, झाडं जुळली, मातीची वाट जुळली. ठिकाण पक्कं झालं.

आता वेळ. उपग्रहाने वेगवेगळ्या वर्षी टिपलेली त्या जागेची चित्रं उपलब्ध असतात. व्हिडिओतली घरं कधी उभी राहिली आणि कधी पाडली गेली हे त्यांत पाहिल्यावर घटनेचा काळ २०१४ ची अखेर ते २०१६ ची सुरुवात इतका आवळला. व्हिडिओतली एक पायवाट फक्त कोरड्या, उन्हाळी महिन्यांतच उमटते, एरवी तिच्यावर गवत माजतं. म्हणजे काही महिनेच उरले. शेवटी त्यांनी चालणाऱ्या सैनिकाच्या सावलीकडे पाहिलं. सावली किती लांब आणि कुठल्या दिशेला, यावरून सूर्य आकाशात कुठे होता ते काढता येतं. शाळेत आपण काठी रोवून सावली मोजायचो, तेच गणित. उत्तर आलं: २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ या दरम्यान.

सरकार म्हणत होतं, असे गणवेश त्या भागात आमचे जवान घालत नाहीत. पण तिथे नेमलेल्या जवानांनी तसेच गणवेश घालून काढलेले फोटो स्वतःच फेसबुकवर टाकलेले होते. बंदुकांपैकी एक सर्बियन बनावटीची होती, त्या भागात सहसा न दिसणारी, पण कॅमेरूनच्या काही तुकड्यांकडे असलेली. सैनिक बोलताना एकमेकांना हाका मारतात, त्यातून टोपणनावं मिळाली. दरम्यान सरकारला सात जवानांना अटक केल्याचं जाहीर करावं लागलं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये त्यांतल्या चौघांना प्रत्येकी दहा वर्षांची शिक्षा झाली.

ही हकिकत मी इतकी लांबवून सांगितली, कारण या विषयाचं सगळं मर्म तिच्यात आहे. कोणाचाही फोन चोरून ऐकला नाही, कुठलं गुप्त दप्तर फोडलं नाही. व्हिडिओ लोकांसमोर होता, डोंगर लोकांसमोर होता, उपग्रहचित्रं तुमच्या-माझ्या फोनवर उघडतात तीच होती, सूर्य तर सगळ्यांचाच. या पद्धतीला ओपन सोर्स इंटेलिजन्स म्हणतात, आणि त्या धंद्यातले लोक थोडक्यात ‘ओसिंट’. ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो ते. त्याचा आणि याचा संबंध फक्त नावापुरता. इथे ‘खुलं’ याचा अर्थ कायद्याने कोणालाही बघता, मागता किंवा विकत घेता येईल असं: वर्तमानपत्र, सरकारी गॅझेट, जमिनीचा उतारा, कोर्टाचा निकाल, फेसबुकवरचा फोटो, जहाजाची रेडिओवरची खूण.

मात्र नुसती माहिती गोळा केली म्हणजे ओसिंट झालं नाही. फोटो ही माहिती. ‘हा फोटो अमुक गावात, अमुक आठवड्यात काढला आहे, आणि तो कसा हे तुम्हीही तपासून बघा,’ हा निष्कर्ष. मधलं अंतर पडताळणीने भरावं लागतं. वेगवेगळे गट ही पद्धत कशी वापरतात हे बघताना मला दोनच प्रश्न महत्त्वाचे वाटतात. हा माणूस त्या माहितीला काय विचारतो आहे? आणि आपलं उत्तर बरोबर आहे हे त्याला कोणापुढे सिद्ध करावं लागतं?

ही रीत जुनी आहे

इंटरनेटच्या आधीही राज्यकर्ते हे करत होते. पेशव्यांनी दरबारोदरबारी वकील, म्हणजे आपले प्रतिनिधी, ठेवले होते. दिल्लीत हिंगणे घराण्याकडे हे काम होतं. हे वकील पुण्याला जी पत्रं आणि अखबार धाडत, त्यांत चोरून मिळवलेली बातमी थोडी आणि दरबारात, बाजारात सर्वांदेखत घडलेलं पुष्कळ असे: कोणाची स्वारी निघाली, कोणाला खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, मिळाली, धान्याचा भाव काय. पुण्यात बसलेला मुत्सद्दी ते जोडून अर्थ लावायचा.

दुसऱ्या महायुद्धात हे काम रेडिओने झालं. ब्रिटनमध्ये १९३९ साली बीबीसीने परदेशी रेडिओ केंद्रं ऐकण्याचा विभाग उघडला, अमेरिकेने १९४१ मध्ये स्वतःचा. बीबीसीच्या या विभागात व्हिएन्नाहून आलेले अर्न्स्ट गोम्ब्रिख काम करत. पुढे ते कलेचे इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाले. १ मे १९४५ ला जर्मन रेडिओने थोड्याच वेळात महत्त्वाची घोषणा होईल असं सांगून संगीत लावलं. ते ब्रुकनरच्या सातव्या सिंफनीतलं संथ अंग होतं, आणि ते वाग्नरच्या मृत्यूच्या शोकाशी जोडलेलं आहे हे गोम्ब्रिखना ठाऊक होतं. हिटलर मेला असावा, हा अंदाज त्यांनी घोषणेआधीच बांधला. रेडिओ लाखो लोक ऐकत होते. तो सूर ओळखायला मात्र संगीत ठाऊक असलेला माणूस लागला. आजही हेच खरं आहे. साधनं फुकट मिळतात, पण डोंगराची कड ओळखायला त्या मुलखात हिंडलेला माणूस लागतोच.

सैन्य आणि सरकार

सरकारांना या माहितीचा उपयोग आधी इशाऱ्यासाठी होतो. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे, रशियाने युक्रेनवर हल्ला जाहीर करण्याच्या काही तास आधी, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यास संस्थेत जेफ्री लुईस आणि त्यांचे सहकारी गूगल मॅप्स बघत बसले होते. रशियातल्या बेलगोरोद शहराकडून युक्रेनच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे सव्वातीनच्या सुमाराला त्यांना वाहतूक कोंडी दिसली. त्या वेळी तिथे कोंडी व्हायचं कारण नव्हतं. त्याच परिसरात रशियन फौजा जमल्याचं उपग्रहचित्र त्यांच्याकडे आदल्या दिवसाचं होतं. फौज निघाली, हे त्यांनी तिथेच लिहून टाकलं. गंमत अशी की नकाशावरची ती कोंडीची लाल रेघ बहुधा रणगाड्यांमुळे उमटलेली नव्हती. रस्ता अडवल्याने खोळंबलेल्या साध्या गाडीवाल्यांच्या खिशातल्या फोनमुळे उमटली होती. काही दिवसांतच गूगलने युक्रेनमधली वाहतुकीची थेट माहिती दाखवणं थांबवलं.

सैन्याला ही विद्या दुसऱ्या बाजूनेही शिकावी लागते: आपलं काय उघडं पडतंय ते बघण्यासाठी. स्ट्राव्हा हे धावणाऱ्या-सायकल चालवणाऱ्यांचं ॲप. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने जगभरातल्या सदस्यांच्या फेऱ्यांचा एक नकाशा प्रसिद्ध केला; जिथे लोक जास्त धावतात तिथे रेषा उजळ. दोन महिन्यांनी ऑस्ट्रेलियातल्या वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की अफगाणिस्तान आणि सीरियाच्या ओसाड भागांतही काही ठिकाणी लख्ख चौकोन उमटले आहेत. ते विदेशी सैन्यतळ होते. जवान सकाळी तळाच्या कुंपणाकडेने धावत होते आणि मनगटावरचं घड्याळ ते नोंदवत होतं.

रशियाने २०१९ मध्ये कायदा करून जवानांना कामावर असताना असे स्मार्टफोन बाळगायला बंदी घातली. भारतीय लष्कराने २०२० च्या जुलैमध्ये जवान आणि अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप फोनवरून काढायला सांगितली. घरी आईला पाठवलेल्या फोटोत तिला मुलाचा चेहरा दिसतो. शत्रूचा विश्लेषक त्याच फोटोत मागचा डोंगर, खांद्यावरची तुकडीची खूण आणि गाडीचा प्रकार बघतो.

सरकारी यंत्रणांना आपलं गणित लोकांना दाखवावं लागत नाही. त्या उघड्या माहितीला फोनवरच्या संभाषणांची, हेरांच्या खबरींची जोड देतात आणि निष्कर्ष फाइलीत ठेवतात. तो चुकला तरी बाहेर कळेलच असं नाही.

पत्रकार, शोधक आणि न्यायालय

इथे उलटं आहे. इथे प्रत्येक पायरी उघड करून दाखवावी लागते.

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये एलियट हिगिन्स नावाचा माणूस घरच्या सोफ्यावर बसून सीरियातल्या युद्धाचे व्हिडिओ बघायचा. त्याला अरबी येत नव्हतं, शस्त्रांचं शिक्षण नव्हतं. रोज शेकडो व्हिडिओ बघत, कुठलं शस्त्र कुठे दिसतं याच्या नोंदी करत तो इतका तयार झाला की मोठी वर्तमानपत्रं त्याला विचारू लागली. त्याने २०१४ च्या जुलैमध्ये ‘बेलिंगकॅट’ हा गट सुरू केला, आणि काही दिवसांतच, १७ जुलैला, ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशिया एअरलाइन्सचं एमएच१७ हे विमान पूर्व युक्रेनवर पाडलं गेलं. त्यातले सर्व २९८ जण मरण पावले.

क्षेपणास्त्र सोडणारी ‘बुक’ ही गाडी त्या दिवशी लोकांनी रस्त्यात पाहिली होती, फोटो आणि व्हिडिओ काढले होते. शोधकांनी पाट्या, दुकानं, विजेचे खांब, सावल्या यांवरून प्रत्येक फोटोची जागा आणि वेळ काढली. मग मागे जाऊन त्या गाडीसारखीच एक गाडी २०१४ च्या जूनमध्ये रशियातल्या कुर्स्ककडून निघालेल्या लष्करी ताफ्यात सापडली. ती तीच कशावरून? तिच्या बाजूच्या पत्र्याची वाकलेली कडा, पुसट झालेल्या आकड्यांच्या जागा, रंगाचे डाग. आपल्याकडे गर्दीत आपली स्कूटर आपण पुढच्या मडगार्डच्या पोच्यावरून ओळखतो, तसंच.

नेदरलँड्सच्या नेतृत्वाखालच्या आंतरराष्ट्रीय तपास पथकाने २०१८ मध्ये तीच गाडी, रशियन लष्कराच्या ५३व्या विमानभेदी क्षेपणास्त्र ब्रिगेडची, हा निष्कर्ष जाहीर केला. १७ नोव्हेंबर २०२२ ला डच न्यायालयाने तिघांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप सुनावली, चौथ्याला सोडलं. न्यायालयापुढे नुसते इंटरनेटवरचे फोटो नव्हते. ध्वनिमुद्रित फोन संभाषणं होती, अवशेषांची तपासणी होती, तज्ज्ञांच्या साक्षी होत्या. उघड्या माहितीने वाट दाखवली, पण शिक्षेसाठी जास्त वजनाचा पुरावा लागला. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

न्यायालयं स्वतःही आता या पुराव्याकडे वळली आहेत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये लिबियातल्या एका कमांडरविरुद्ध अटक वॉरंट काढलं, तेव्हा मुख्य आधार समाजमाध्यमांवर आलेले हत्यांचे व्हिडिओ होते. पण व्हिडिओ टिकतो कुठे? त्याच वर्षी यूट्यूबच्या स्वयंचलित गाळणीने सीरियातले हजारो व्हिडिओ हिंसक म्हणून काढून टाकले. ज्यांच्या घरावर बॉम्ब पडला होता त्यांच्याकडे तेवढाच पुरावा होता. म्हणून काही गट असे व्हिडिओ दिसताक्षणी उतरवून ठेवतात आणि त्यांचा ‘हॅश’ काढतात. हॅश म्हणजे त्या फाइलीचा अंगठ्याचा ठसा. फाइलीत एक बिंदू जरी बदलला तरी ठसा बदलतो, त्यामुळे दहा वर्षांनी न्यायाधीशांना सांगता येतं की ही फाइल तेव्हाचीच आहे. हे सगळं कसं करावं याची शिस्त घालून देणारी नियमावली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने आणि बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने मिळून २०२० मध्ये काढली.

टाकीवरची सावली

व्यापाऱ्यांना सत्य सिद्ध करायचं नसतं. त्यांना इतरांच्या आधी कळायला हवं असतं, एवढंच.

कच्चं तेल साठवायच्या मोठ्या गोल टाक्या तुम्ही माहुल-चेंबूरच्या बाजूला पाहिल्या असतील. कच्च्या तेलाच्या पुष्कळ टाक्यांना पक्कं छप्पर नसतं. तेलावर तरंगणारं झाकण असतं, म्हणजे वाफ साचत नाही. तेल कमी झालं की झाकण खाली बसतं, आणि टाकीच्या काठाची सावली आत झाकणावर लांब पडते. टाकी भरलेली असली तर आतली सावली आखूड. उपग्रहचित्रात ही सावली मोजायची, टाकीच्या बाहेर जमिनीवर पडलेल्या सावलीशी तुलना करायची, की टाकी किती भरली आहे ते निघतं. हे जगभरच्या हजारो टाक्यांसाठी संगणकाकडून करून घेतलं की एखाद्या देशाने आपला तेलसाठा जाहीर करायच्या आत त्याचा अंदाज येतो. अमेरिकेत काही कंपन्या हेच करून अंदाज विकतात. मॉलच्या पार्किंगमधल्या गाड्या उपग्रहातून मोजून तिमाहीची विक्री ताडणाऱ्याही आहेत.

जहाजांचंही तसंच. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना एआयएस नावाचं यंत्र सक्तीचं आहे. ते आपलं नाव, जागा, दिशा आणि वेग सतत रेडिओवर सांगत राहतं. हेतू टक्कर टाळण्याचा. ते ऐकायला कोणालाही मुभा आहे. म्हणून एका यंत्राचे कित्येक वापर झाले. व्यापारी तेलाचा ओघ बघतो, विमा कंपनी निर्बंध असलेल्या बंदराला जहाज लागलं का ते बघते, आणि २०१६ पासून ग्लोबल फिशिंग वॉच ही संस्था कुठली बोट कुठे जाळं टाकते आहे याचा नकाशा लोकांना फुकट दाखवते. बोट मासेमारी करत असली की तिची वाट नागमोडी होते, वेग पडतो. नुसती जात असली तर रेघ सरळ. ज्यांना लपायचं आहे ते यंत्र बंद करतात किंवा खोटी जागा सांगतात. मग रडारवाल्या उपग्रहाच्या चित्रात जहाज दिसतं आणि एआयएसवर दिसत नाही. न बोलणारं जहाजच आता संशयित ठरतं.

तीच पद्धत, घातासाठी

मुंबईकरांना याचं सगळ्यात दुःखद उदाहरण ठाऊक आहे, फक्त त्याला आपण हे नाव देत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीपासून ताज, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउसमधले दहशतवादी पाकिस्तानात बसलेल्या सूत्रधारांशी फोनवर बोलत होते, आणि ते सूत्रधार भारतीय वृत्तवाहिन्या बघत होते. बाहेर कोण जमलंय, आग कुठे लागली आहे, पोलीस कुठे उभे आहेत हे ते टीव्हीवर बघून आत सांगत होते. २८ तारखेला सकाळी कमांडो हेलिकॉप्टरमधून नरिमन हाउसच्या गच्चीवर उतरले, तेही थेट दिसलं. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर फार कडक शब्दांत टीका केली. या प्रक्षेपणामुळे प्रत्यक्ष कोणा जवानाला इजा झाली का हे सांगता येत नाही, पण सुरक्षा दलांचं काम त्याने नुसतं अवघडच नव्हे तर जोखमीचं केलं, यात शंका नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. पुढे नियम झाला की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याच्या निवेदनापुरतंच वार्तांकन ठेवायचं. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने वाहिन्यांना याची पुन्हा लेखी आठवण दिली.

ठग लोकांचं गणित आणखी सोपं असतं. त्यांना शंभरातला एक अंदाज बरोबर आला तरी पुरतं. नव्या नोकरीची आनंदाची पोस्ट लिंक्डइनवर पडली, की दोन दिवसांत त्या माणसाला ‘साहेबां’च्या नावाने मेसेज येतो: मी मीटिंगमध्ये आहे, तातडीने एवढं काम करा. साहेबांचं नाव कंपनीच्या वेबसाइटवर, फोटो तिथेच. फेसबुकवर वाढदिवस, सोसायटीच्या गणपतीच्या फोटोत इमारतीचं नाव, विमानतळावरून टाकलेली सेल्फी म्हणजे घराला कुलूप. एकेक गोष्ट निरुपद्रवी आहे, धोका आहे तो जोडणीत. सगळी फसवणूक उघड्या माहितीवर चालते असं नाही. फोन नंबर आणि आधारचे तपशील बऱ्याचदा चोरीच्या याद्यांतून येतात. पण ‘तुमचा मुलगा अमुक शहरात शिकतो ना?’ हे वाक्य, ज्याने वयस्कर माणूस गांगरतो, ते आपणच कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं. असा फोन आलाच तर ठेवून द्या आणि सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या सरकारी नंबरवर कळवा.

तुम्ही-आम्ही

घर घ्यायच्या आधी चार ठिकाणी चौकशी करणारा माणूस ओसिंटच करत असतो, आणि महाराष्ट्रात त्याच्यासाठी साधनं चांगली आहेत. महारेरा या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या वेबसाइटवर १ मे २०१७ नंतरच्या आणि तेव्हा अपूर्ण असलेल्या प्रकल्पांची नोंदणी दिसते: मंजूर नकाशे, किती काम झालं, ताबा कधी द्यायचा ठरलं, जमिनीवर दावा आहे का. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना बघायचा. बँकेचा बोजा असला तर तिथे असतो. शहरात सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर सूची क्रमांक २ मधून आधीचे व्यवहार मिळतात. ई-कोर्ट्सवर बिल्डरच्या कंपनीच्या नावाने शोधलं की खटले दिसतात, आणि कंपनीचे संचालक कोण ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर.

यात माझी स्वतःची भर: गूगल अर्थवर त्या जागेची जुनी वर्षं मागे सरकवून बघा. आज जिथे देखणं गेट आहे तिथे पंधरा वर्षांपूर्वी ओढा असू शकतो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात आंबिल ओढ्याचं पाणी ज्यांच्या घरांत रात्रीतून शिरलं, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

निवडणुकीच्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रंही अशीच. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करावं लागतं. पाच वर्षांच्या अंतराने भरलेली एकाच माणसाची दोन प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवून वाचणं हे काम कॉलेजातला कोणताही मुलगा करू शकतो. पत्रकारांनी त्यातून कितीतरी बातम्या काढल्या आहेत.

आणि २०२१ चा एप्रिल-मे आठवा. कोणाला रेमडेसिविर हवं, कोणाला ऑक्सिजनचं सिलिंडर, कोणाला खाट. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांतले निम्मे नंबर बंद. तेव्हा घरोघरच्या तरुण मुला-मुलींनी एकेक नंबर लावून ‘सकाळी ११ ला बोललो, दोन खाटा आहेत’ असं वेळेसकट लिहायला सुरुवात केली. ती वेळ लिहिणं हीच पडताळणी. त्यांच्यापैकी कोणी ओसिंट हा शब्द ऐकलेला नसेल, पण मला त्या काळात यापेक्षा नेटकं काम दिसलं नाही.

चुकलं तर

पडताळणी सुटली की हीच विद्या माणसांना चिरडते. २०१३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. हौशी शोधकांनी गर्दीच्या फोटोंमधून संशयित हुडकायला सुरुवात केली आणि महिनाभरापूर्वी बेपत्ता झालेल्या भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याचं नाव पुढे आलं. हजारोंनी ते पसरवलं. मुलाच्या शोधात आधीच खचलेल्या कुटुंबाला रात्रभर शिव्यांचे फोन आले. तो मुलगा निर्दोष होता. काही दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. चेहरा ‘सारखा दिसतो’ हा पुरावा नाही. डोंगराची कड जुळवणारे लोक दहा ठिकाणी जुळलं तरी अकरावं कुठे जुळत नाही हे शोधतात. हौशी मंडळी जुळणारंच शोधत बसली.

२०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षाच्या रात्री आपण सगळ्यांनी हे अनुभवलं. ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या हल्ल्याची म्हणून फिरली, इतर युद्धांचे जुने व्हिडिओ फिरले, कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या टीव्हीवर चालल्या आणि त्या खऱ्या नव्हत्या. अशा वेळी दोन मिनिटांत करण्यासारखी गोष्ट म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र थांबवून गूगल लेन्समध्ये टाकणं. ते आधी कधी, कुठे आलं होतं हे बऱ्याचदा लगेच कळतं. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांमुळे हे अवघड होत चाललं आहे, कारण जे चित्र नव्यानेच बनवलंय त्याचा जुना मूळ फोटो सापडणार कुठून? मग पुन्हा डोंगर, सावली, दुकानाची पाटी, त्याच जागेचा दुसऱ्या कोणी काढलेला फोटो, याकडेच वळावं लागतं.

कायद्याची बाजू आपल्याकडे अजून कच्ची आहे. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा तुम्ही स्वतः जाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही. एकदा उघड्यावर टाकलंत की त्या कायद्याचं छत्र तिच्यावर राहत नाही. त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्येही बदल केला. पूर्वी वैयक्तिक माहितीही सार्वजनिक हितासाठी द्यावी, असं त्या कलमातच म्हटलं होतं. आता वैयक्तिक म्हटलं की नकार देणं सोपं झालं आहे. मला हे दोन्ही एकत्र वाचताना काळजी वाटते. सामान्य माणसाचा वाढदिवस उघडा राहतो आणि अधिकाऱ्याची नोंद झाकली जाते, अशी ही दिशा आहे.

शेवटी या विद्येच्या चांगल्या वापराचं एक उदाहरण. युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेचा एक उपक्रम २०१७ पासून चालू आहे. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या चित्रांमधून तिथले तपासनीस मूल आणि माणसं पूर्ण कापून काढतात आणि उरलेली एखादी वस्तू तेवढी लोकांसमोर ठेवतात: पिशवीवरचा छाप, पडद्याचं कापड, शाम्पूची बाटली, खिडकीतून दिसणारी इमारत. विचारतात, ही वस्तू कुठल्या देशात, कुठल्या दुकानात मिळते? जगातल्या कुठल्यातरी गावातली बाई सांगते की हा टॉवेल आमच्याकडच्या बाजारात मिळतो. त्यातून काही वेळा देश ठरतो, मग शहर, आणि काही मुलं त्या घरांतून सुटलेली आहेत. वेबसाइट सर्वांना खुली आहे. नवीन वस्तू येत राहतात, आणि एखादी आपल्या ओळखीची निघू शकते.